‘सेक्युलर’ कशाच्या विरुद्ध?

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या उद्देशिकेतील ‘सोशलिस्ट’ आणि ‘सेक्युलर’ या शब्दांना आक्षेप घेणाऱ्या याचिका फेटाळल्या. तत्कालीन सरन्यायाधीश संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती संजय कुमार यांच्या खंडपीठाच्या या निकालाने कायद्यापुरता प्रश्न मिटला. शब्दाच्या अर्थाचा मात्र मिटला नाही. सेक्युलर म्हणजे निधर्मी, सर्व धर्मांना सारखे मानणारा, की धर्माशी संबंधच नसलेला, यावर सभांमध्ये, वर्तमानपत्रांत आणि घरोघरी आजही तावातावाने बोलले जाते. त्याच वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर एखादा विश्लेषक शेअर बाजारात ‘सेक्युलर तेजी’ आहे असे सांगतो, आणि खगोलशास्त्राच्या पुस्तकांत चंद्राच्या ‘सेक्युलर’ गतिवाढीवर प्रकरण असते. बाजाराचा किंवा चंद्राचा धर्माशी काय संबंध, असा प्रश्न वाचकाला पडला तर तो रास्तच आहे.

हे विशेषण लॅटिनमधून आले असून इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन, जर्मन, रुमानियन अशा अनेक युरोपीय भाषांत ते थोड्याफार फरकाने नांदते आहे. त्याचे अर्थ एकमेकांपासून फार लांब गेल्यासारखे वाटतात, तरी ते सगळे एकाच मुळाचे आहेत. ते समजून घेण्यासाठी एकच गोष्ट पाहावी लागते : त्या त्या ठिकाणी हा शब्द कशाच्या विरुद्ध उभा केला आहे? समोरचा शब्द बदलला की याचा अर्थ बदलतो. आपल्याकडचा बराचसा वाद हा समोरचा शब्द न सांगता, किंवा मध्येच गुपचूप बदलून, घातला जातो असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात हे काळाचे माप

लॅटिनमधील ‘सेकुलुम’ या नामाचा जुना अर्थ पिढी, हयात, युग असा होता. केन्सोरिनस या रोमन लेखकाने इ. स. २३८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांची कालगणनेची रीत नोंदवून ठेवली आहे. एखादे नगर ज्या दिवशी वसवले जाई, त्या दिवशी जन्मलेल्यांपैकी जो सर्वांत जास्त जगे त्याच्या मृत्यूबरोबर पहिला सेकुलुम संपे. त्या मृत्यूच्या दिवशी नगरात जे कोणी हयात असत, त्यांच्यातल्या शेवटच्या माणसाच्या मृत्यूबरोबर दुसरा. ठरीव वर्षांचा हिशेब त्यात नव्हता. एखादी घटना ज्यांच्या हयातीत घडली, त्यांच्यापैकी कोणी तरी जिवंत आहे तोवरचा तो काळ होता. पुढे रोमन लोकांनी हे माप कधी १०० तर कधी ११० वर्षांचे धरले. शतकासाठीचे फ्रेंच ‘सिएक्ल’, इटालियन ‘सेकोलो’, स्पॅनिश ‘सिग्लो’ हे शब्द याच नामाचे वंशज आहेत.

या नामापासून झालेले विशेषण म्हणजे ‘सेकुलारिस’. रोममध्ये ते विशेषण लावून ओळखला जाणारा एक भव्य उत्सव होता, आणि तो पूर्णपणे धार्मिक होता. इ. स. पू. १७ मध्ये सम्राट ऑगस्टसने हे ‘सेक्युलर खेळ’ भरवले. तीन रात्री आणि तीन दिवस देवदेवतांना बळी अर्पण करण्यात आले, आणि शेवटच्या दिवशी २७ मुले आणि २७ मुली यांनी होरेस या कवीने मुद्दाम रचलेले स्तोत्र गायिले. टायबर नदीकाठी १८९० मध्ये सापडलेल्या शिलालेखात त्या विधींची सविस्तर नोंद आणि कवीचे नावही कोरलेले आहे. एका हयातीत एकदाच घडणारा, म्हणून तो ‘सेक्युलर’. ‘कोणीही आजवर पाहिले नाहीत आणि कोणाला पुन्हा पाहता येणार नाहीत’ असे हे खेळ आहेत, अशी दवंडी पिटण्याची प्रथा होती. सम्राट क्लॉडियसने वेगळा हिशेब मांडून इ. स. ४७ मध्येच, म्हणजे अवघ्या ६३ वर्षांनी, ते पुन्हा भरवले. ऑगस्टसचे खेळ पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती, इतकेच नव्हे तर त्या खेळांत काम केलेले काही नटही पुन्हा रंगमंचावर आले. त्यामुळे दवंडीचे हसे झाले, असे चरित्रकार सुइटोनियस सांगतो.

म्हणजे या शब्दाच्या अगदी जुन्या वापरात धर्माला विरोध तर नाहीच, उलट तो एका यज्ञयागाचे विशेषण आहे. येथे त्याच्या समोर उभा आहे तो ‘दरवर्षीचा’ हा शब्द.

काळाचे जग कसे झाले

ख्रिस्ती धर्म लॅटिनमधून बोलू लागला तेव्हा त्याने हा शब्द उचलला. ख्रिस्ती विचारात एकीकडे देवाचा अनंतकाळ होता आणि दुसरीकडे हा चालू, सरून जाणारा काळ. या सरत्या काळाला सेकुलुम म्हटले गेले, आणि त्या काळात जे घडते ते सगळे, म्हणजे संसार, राज्यकारभार, शेतीवाडी, व्यापार, त्याच नावाखाली आले. ‘हा काळ’ या अर्थाचा शब्द अशा रीतीने ‘हे जग’ या अर्थाचा झाला. आपल्याकडे ‘इहलोक’ म्हणताना जे अभिप्रेत असते, त्याच्या हा अर्थ फार जवळ जातो. गंमत अशी की लॅटिन प्रार्थनांच्या शेवटी येणारे ‘इन सेकुला सेकुलोरुम’, म्हणजे ‘युगानुयुगे’, हे शब्दही त्याच मुळाचे आहेत. सरता काळ आणि कधीही न सरणारा काळ, दोहोंसाठी एकच नाम वापरात राहिले.

मध्ययुगात या विशेषणाला चर्चच्या आतच एक नेमके स्थान मिळाले. कॅथलिक धर्मगुरूंचे दोन वर्ग पडले. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, पुढे जेझुइट असे जे संघ होते, त्यांचे सदस्य आपल्या संघाच्या ‘रेगुला’ने, म्हणजे नियमावलीने, बांधलेले असत, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची व्रते ते घेत. त्यांना ‘रेग्युलर’ म्हणत. जे धर्मगुरू कोणत्याही संघात न जाता बिशपच्या हाताखाली गावोगावच्या चर्चमध्ये, लोकांच्या संसारात राहून, बारशापासून अंत्यसंस्कारापर्यंतची कामे करीत, त्यांना ‘सेक्युलर’ म्हणत. मिस्सा म्हणणारा, पापांची कबुली ऐकणारा माणूस सेक्युलर! आजच्या कानांना हे विपरीत वाटते, पण कॅथलिक चर्चमध्ये हा वापर आजही रूढ आहे. येथे सेक्युलरच्या समोर धर्म नाही, मठ आहे.

गोव्यात या शब्दाची दोन रूपे

हा सगळा दूरच्या युरोपचा इतिहास आहे असे समजण्याचे कारण नाही. पोर्तुगीजांबरोबर हे विशेषण कोकण किनाऱ्यावर आले आणि येथे त्याची दोन रूपे दिसली. त्यांतले एक आशेचे होते, दुसरे भयाचे.

ख्रिस्तीकरणाचे सुरुवातीचे काम प्रामुख्याने संघांनी केले. तिसवाडीत डोमिनिकन आणि जेझुइट, बारदेशात फ्रान्सिस्कन, साष्टीत जेझुइट, अशी साधारण वाटणी होती. मराठी वाचकाला परिचित असलेले फादर स्टीफन्स, ज्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, ते जेझुइट होते, म्हणजे ‘रेग्युलर’. याउलट स्थानिक गोवेकर घराण्यांतून जे पाद्री तयार झाले ते बहुतांशी सेक्युलर वर्गातले, कारण युरोपीय धर्मसंघ त्यांना सहसा आपल्यात घेत नसत. त्यामुळे गोव्यात ‘सेक्युलर पाद्री’ या शब्दाला ‘आपल्या मातीतला पाद्री’ अशीही छटा आली. वरच्या जागा गोऱ्या पाद्रींनाच मिळतात, ही त्यांची जुनी तक्रार होती. १७८७ मध्ये पोर्तुगीज सत्तेविरुद्ध जो पिंतोंचा कट उघडकीस आला, त्यात फादर कायतान फ्रान्सिश्कु कोउतु आणि फादर जुझे आंतोनियु गोन्साल्विश यांच्यासारखे गोवेकर सेक्युलर पाद्री पुढे होते.

१७५९ मध्ये पोर्तुगालने आपल्या मुलखातून जेझुइटांना हाकलले, आणि १८३४ च्या फर्मानाने उरलेले पुरुषांचे संघही बरखास्त केले. त्याची अंमलबजावणी गोव्यात १८३५ मध्ये झाली आणि गावोगावची चर्चे सेक्युलर पाद्रींच्या हाती राहिली. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनचा जो उंच, एकाकी मनोरा आज पर्यटक पाहतात तो याच घटनेचा अवशेष आहे. ऑगस्टिनियन संघ गेला, इमारतींना वाली उरला नाही आणि १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले.

दुसरे रूप इन्क्विझिशनचे. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेले हे धर्मन्यायालय, मधला १७७४ ते १७७८ चा खंड सोडला तर, १८१२ पर्यंत चालू होते. चर्चच्या कायद्यानुसार धर्मगुरूंनी रक्त सांडायचे नसे. म्हणून ज्याला मृत्युदंड व्हायचा त्याला धर्मन्यायालय ‘ब्रासु सेकुलार’कडे, म्हणजे ‘सेक्युलर हाता’कडे, सोपवत असे. हा हात राजसत्तेचा. कागदोपत्री शब्द होता ‘सोपवणे’. प्रत्यक्षात त्याचा अर्थ चितेवर जाळणे हाच होता, आणि सोपवणाऱ्यांना तो पक्का ठाऊक होता.

सेक्युलर सत्ता म्हणजे आपोआपच सहिष्णू सत्ता, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते. त्या काळी हे विशेषण सत्तेचा स्वभाव सांगत नव्हते. शिक्षा कोणी सुनवायची आणि ती कोणी अमलात आणायची, एवढीच कामाची वाटणी ते सांगत होते. राजसत्ता सेक्युलर होती आणि ती चर्चच्या शब्दाखातर माणसे जाळत होती.

युरोपच्या भाषांत फुटलेल्या वाटा

पुढे एकाच विशेषणाच्या वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळ्या वाटा झाल्या. फ्रेंचने तर त्याची दोन रूपे केली : ‘सेक्युलिए’ म्हणजे मठाबाहेरचा किंवा ऐहिक, आणि ‘सेक्युलेर’ म्हणजे शंभर वर्षांचा, शतकानुशतकांचा. इटालियनमध्ये ‘सेकोलारे’ हे विशेषण ऑलिव्हच्या झाडाला लावले तर ते झाड काही शतकांचे जुने आहे असे समजायचे. पोर्तुगीजमध्येही ‘सेक्युलर’ वृक्ष म्हणजे पुराणवृक्ष. जर्मनमध्ये या मुळापासून झालेले नाम इतिहासात एका ठळक प्रसंगाला चिकटले आहे. फेब्रुवारी १८०३ मध्ये पवित्र रोमन साम्राज्यातील बिशपांच्या ताब्यातली संस्थाने काढून घेऊन ती ऐहिक राजांना देण्याचा ठराव झाला, त्याला ‘सेक्युलरायझेशन’ म्हणतात. येथे शब्दाच्या समोर आहे चर्चची मालकी.

मग फ्रान्स आपल्या राज्याला काय म्हणतो? ‘लाइक’. हा निराळाच शब्द आहे; ग्रीकमधील ‘लाओस’, म्हणजे लोक, या शब्दापासून तो लॅटिनमार्गे आला. ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने फ्रान्सने चर्च आणि राज्य वेगळे केले, आणि १९५८ च्या त्यांच्या घटनेत प्रजासत्ताकाला ‘लाइक’ हेच विशेषण लावले आहे. इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषाही राज्यासाठी त्याच कुळातला शब्द पसंत करतात. तुर्कस्ताननेही तो फ्रेंचवरून घेऊन १९३७ मध्ये घटनेत घातला. तेव्हा ‘युरोपात सेक्युलर म्हणजे अमुक’ असे सरसकट विधान करता येत नाही. राज्यासाठी ‘सेक्युलर’ हा शब्द पुढे करण्याची सवय मुख्यतः इंग्रजीची आहे, आणि आपण तो इंग्रजीतूनच घेतला.

बाजार आणि चंद्र सेक्युलर कसे?

धर्माच्या बाजूने चाललेला हा प्रवास सुरू असताना विज्ञानाने या विशेषणाचा मूळचा, काळाचा अर्थ जपून ठेवला. अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यावर उभे राहिले तर ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते आणि भरतीला त्याच वाटेवर पाणी असते. हा चढउतार रोजचा आहे. पाणी चढते आणि परत जाते. पण भरतीची सरासरी रेषाच समजा दर दशकात थोडी थोडी वर सरकत असेल, तर तो बदल एका दिवसात, एका वर्षातही लक्षात येणार नाही. तो दिसायला एक हयात लागेल. पहिल्या प्रकारच्या बदलाला शास्त्रज्ञ आवर्ती म्हणतात आणि दुसऱ्याला सेक्युलर. येथे शब्दाच्या समोर धर्म नाही की मठ नाही. समोर आहे ‘पुन्हा पुन्हा येणारे-जाणारे’.

खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली याने १६९५ मध्ये जुन्या ग्रहणांच्या नोंदी पडताळून असा संशय व्यक्त केला की चंद्राची सरासरी गती हळूहळू वाढते आहे. हीच ती सेक्युलर गतिवाढ. १७८७ मध्ये फ्रेंच गणिती लाप्लास याने पृथ्वीच्या कक्षेच्या आकारात होणाऱ्या मंद बदलावरून तिचे स्पष्टीकरण दिले. १८५३ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ ॲडम्स याने दाखवून दिले की त्या स्पष्टीकरणाने निम्मीच वाढ उलगडते. उरलेल्या भागाचे कारण भरती-ओहोटीच्या घर्षणात निघाले : त्याने पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फिरणे मंदावते आहे, म्हणून तिच्या दिवसांनी मोजलेला चंद्र घाईत असल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर आपल्यापासून दूर जात आहे.

याहून जवळचे उदाहरण अलिबागचेच आहे. होकायंत्राची सूची नेमकी भौगोलिक उत्तरेकडे राहत नाही, आणि तिचा हा कलही कायम राहत नाही. लंडनमध्ये १५८० च्या सुमारास सूची उत्तरेपासून सुमारे ११ अंश पूर्वेला वळलेली होती. १६३४ मध्ये हेन्री गेलिब्रँडने मोजले तेव्हा ती ४ अंशांवर आली होती. १८२० च्या आसपास ती तब्बल २४ अंश पश्चिमेला गेली होती. दिवसभरात सूची किंचित हलते ते वेगळे. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या या सरकण्याला भूचुंबकत्वाचे शास्त्र ‘सेक्युलर बदल’ म्हणते. तो मोजायचा तर एकाच जागी, दशकानुदशके, खंड न पडता नोंदी ठेवाव्या लागतात. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत अशा नोंदी १८४१ पासून सुरू झाल्या. पुढे शहरात विजेवरच्या ट्राम येणार हे ठरले आणि त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म मोजमाप बिघडेल हे उघड झाले, तेव्हा वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्या बांधकामात लोखंड टाळून चुंबकीय गुण नसलेला दगड वापरला गेला. जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा नीट जुळावा म्हणून दोन्ही ठिकाणची मोजणी १९०६ पर्यंत एकाच वेळी चालू ठेवली गेली. या दूरदृष्टीमुळे जगातील अत्यंत प्रदीर्घ चुंबकीय नोंदींपैकी एक आपल्या किनाऱ्यावर आहे. एका माणसाच्या हयातीत पुरे न होणारे काम एकाने दुसऱ्याच्या हाती द्यावे, याचे इतके निर्मळ उदाहरण मला दुसरे सांगता येणार नाही.

अर्थशास्त्राने हा अर्थ तसाच उचलला. तेजी-मंदीचे चक्र येते आणि जाते. त्याखाली दीर्घकाळ एका दिशेने चालणारा जो ओघ असतो तो सेक्युलर. १९३८ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन हॅन्सन याने अमेरिकी अर्थव्यवस्थेवर ‘सेक्युलर’ मरगळ येईल असे भाकीत केले होते. युद्धोत्तर भरभराटीने ते खोटे ठरले, पण २०१३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ लॅरी समर्स यांनी तोच शब्दप्रयोग पुन्हा चर्चेत आणला. शेअर बाजारातली सेक्युलर तेजी याच अर्थाची : मधल्या पडझडीला न जुमानता अनेक वर्षे टिकणारी.

‘शेवटी सेक्युलर म्हणजे नास्तिकच ना?’

हा आक्षेप नवा नाही. ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द जन्मला तेव्हापासून तो आहे. जॉर्ज जेकब होल्योक या इंग्रज कार्यकर्त्याला १८४२ मध्ये धर्मनिंदेबद्दल सहा महिने तुरुंगवास झाला होता. १८५१ मध्ये त्याने ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द घडवला तो मुद्दाम, ‘नास्तिक’ या शिक्क्यापासून वेगळे राहण्यासाठी. देव आहे की नाही, हा वाद बाजूला ठेवून या आयुष्यात माणसाची स्थिती कशी सुधारेल ते पाहावे आणि त्या कामात आस्तिकांनाही सोबत घ्यावे, अशी त्याची भूमिका होती. १८६६ मध्ये नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन करणारे चार्ल्स ब्रॅडलॉ यांना हे मान्य नव्हते; हा विचार शेवटाला नेला तर तो नास्तिकतेलाच पोचतो असे ते म्हणत. १८७० मध्ये या दोघांचा त्यावर जाहीर वादविवादही झाला. म्हणजे आज आपल्याकडे जो प्रश्न विचारला जातो, तो हा शब्द घडवणाऱ्यांच्या घरातलाच प्रश्न होता आणि तेथेही त्याचे एकमताने उत्तर निघाले नाही.

ब्रॅडलॉ यांचा मुंबईशी संबंध आहे. १८८० मध्ये नॉर्दम्प्टनमधून निवडून येऊनही शपथेच्या वादामुळे त्यांना १८८६ पर्यंत संसदेत रीतसर बसता आले नाही. हिंदुस्थानचे प्रश्न ते संसदेत सतत मांडत, आणि डिसेंबर १८८९ मधील काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला ते स्वतः आले होते. १८९१ मध्ये त्यांच्या अंत्यविधीला लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांत तरुण मोहनदास गांधीही हजर होते. स्वतः नास्तिकतेकडे न वळलेला हा तरुण त्या नास्तिकाला अखेरचा निरोप द्यायला गेला, हे मला फार बोलके वाटते.

राज्यघटनेत हा शब्द नेमका कुठे आहे?

‘१९७६ पूर्वी घटनेत हा शब्दच नव्हता’ हे विधान वारंवार ऐकू येते. उद्देशिकेपुरते ते खरे आहे. संपूर्ण घटनेबद्दल ते चूक आहे. अनुच्छेद २५ प्रत्येकाला धर्मस्वातंत्र्य देतो आणि त्याच्याच दुसऱ्या खंडात सांगतो की धर्माचरणाशी निगडित असलेल्या आर्थिक, वित्तीय, राजकीय किंवा अन्य ‘सेक्युलर’ व्यवहारांवर राज्य नियंत्रण ठेवू शकेल. हा मजकूर १९५० पासून तेथे आहे. हिंदी पाठात या जागी ‘लौकिक’ असा शब्द आहे.

या वापराचे सुरुवातीचे एक मोठे प्रकरण मुंबई राज्यातलेच. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने देवस्थानांना आणि धर्मसंस्थांना नोंदणी, हिशेब आणि तपासणी यांच्या कक्षेत आणले. रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला बहुतेक भाग वैध ठरवला. देवापुढे कोणता विधी कसा करायचा, हे धर्माच्या कक्षेतले. देवस्थानाची मालमत्ता कशी सांभाळली जाते, पैशाचा हिशेब ठेवला जातो की नाही, हे ऐहिक, म्हणून कायद्याच्या कक्षेतले. त्याच वेळी धर्मादाय आयुक्तालाच एखाद्या धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूद मात्र न्यायालयाने रद्द केली. दानपेटी एकच, तिच्यात पैसा टाकण्याची श्रद्धा धर्माची आणि तिच्यातून निघालेल्या रकमेचा हिशेब सेक्युलर. येथे शब्दाच्या समोर आहे ‘धर्माचा गाभा’, आणि ही रेघ नेमकी कुठे ओढायची हे न्यायालयांना आजही प्रत्येक प्रकरणात ठरवावे लागते.

राज्याचे विशेषण म्हणून हा शब्द आणण्याचा प्रयत्न घटना समितीतही झाला. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी पहिल्याच अनुच्छेदात ‘सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट’ असे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला; त्यांच्या युक्तिवादाचा रोख मुख्यतः ‘सोशलिस्ट’ या शब्दावर होता, कारण समाजाची घडी कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी ठरवावे, ते घटनेत बांधून टाकू नये असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर १९४९ मध्ये एच. व्ही. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली, ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. समितीने राज्याला सेक्युलर हे नाव दिले नाही आणि देवाचे नावही घेतले नाही. या दोन गोष्टींपैकी एकच सांगणारा माणूस अर्धा इतिहास सांगतो.

पुढे ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत ‘सोशलिस्ट’ आणि ‘सेक्युलर’ हे शब्द आले. ती तरतूद ३ जानेवारी १९७७ पासून अमलात आली. आणीबाणीत झालेल्या या दुरुस्तीच्या मार्गाबद्दल ज्यांना खेद वाटतो, त्यांचा खेद मी समजू शकतो. मात्र त्यानंतर आलेल्या जनता सरकारने ‘सेक्युलर’ हा शब्द काढला नाही. १९७८ च्या दुरुस्ती विधेयकात ‘सर्व धर्मांना समान आदर देणारे गणराज्य’ अशी त्याची व्याख्या घालण्याचा प्रस्ताव होता. राज्यसभेत तो मंजूर झाला नाही, आणि शब्द व्याख्येविना राहिला. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात, म्हणजे शब्द उद्देशिकेत येण्याच्या तीन वर्षे आधीच, राज्याचे हे स्वरूप घटनेच्या मूलभूत चौकटीत गणले गेले होते, आणि १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ते ठामपणे सांगितले. २०२४ च्या निकालाने त्यात भर घातली ती अशी की भारताने या शब्दाचा स्वतःचा अर्थ घडवला आहे : राज्य कोणत्याही धर्माची बाजू घेत नाही आणि कोणाला त्याच्या श्रद्धेबद्दल दंडही करत नाही.

‘मूळ लॅटिन अर्थच खरा मानावा का?’

नाही. शब्दाचा उगम हा त्याचा इतिहास असतो. आजच्या वापरावर त्याचा हुकूम चालत नाही. ‘सेकुलुम म्हणजे शतक, म्हणून उद्देशिकेतला शब्द निरर्थक’ असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच ‘हा शब्द ख्रिस्ती मठांतून आला, म्हणून भारताला परका’ असे म्हणणे चुकीचे आहे. अर्थ ठरतो तो वापराने, आणि कायद्यातल्या शब्दाचा अर्थ न्यायालयांच्या निर्णयांनी. इतिहासाचा उपयोग एवढाच, की एका संदर्भातला अर्थ दुसऱ्या संदर्भावर लादला जात असेल तर तो लगेच लक्षात येतो. फ्रान्समधील सार्वजनिक शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी आहे, म्हणून भारतातही तशी असली पाहिजे, हा युक्तिवाद कोणी केला तर तो ‘लाइक’ राज्याचा नियम ‘सेक्युलर’ राज्याला लावतो आहे, हे ओळखता यावे.

मराठीत काय लिहावे?

घटनेच्या अधिकृत मराठी पाठात उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द आहे, तर हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’. राज्याविषयी लिहिताना अधिकृत शब्द वापरणे सर्वांत सुरक्षित. होल्योकसारख्यांच्या विचारसरणीसाठी मराठीत ‘इहवाद’ हा जुना, रुळलेला शब्द आहे आणि तो मूळ कल्पनेच्या अगदी जवळ आहे. तो मागे पडू देऊ नये असे मला वाटते. ‘निधर्मी’ हा शब्द राज्यासाठी वापरला की आस्तिकाला तो स्वतःवरचा हल्ला वाटतो, म्हणून तो टाळलेला बरा. बाजाराची तेजी ‘दीर्घकालीन’ म्हणावी, देवस्थानाचा कारभार ‘ऐहिक’ किंवा ‘लौकिक’, आणि चंद्राच्या गतिवाढीला ‘दीर्घकालिक’. गोव्याच्या इतिहासातला मजकूर मराठीत आणताना सेक्युलर पाद्रीला ‘धर्मप्रांतीय पाद्री’ म्हणावे, कारण तेथे ‘धर्मनिरपेक्ष पाद्री’ असे लिहिले तर त्या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही.